आबांच्या पिशवीतल्या अकरा तलवारी

चैत्रात आमच्या आबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, अर्धांगाचा झटका आला. पाय सावरला, बोलणं सावरलं, उजवा हात तेवढा रुसून बसला. धुळ्याच्या फिजिओथेरपीवाल्या पुनम मॅडमनी स्पष्ट सांगितलं, "दसऱ्यापर्यंत बोटं जेवढी चालतील तेवढी कमाई. पुढं फार आशा धरू नका." दाबायला एक मऊ चेंडू दिला. आबांनी तो एकदा दाबला आणि कोपऱ्यात भिरकावला. "हाऊ काय पोरंसोरंसना खेय शे का?"

मग माझी लेक भूमिका जळगावहून आली. तिथं ती नोकरी करते. तिनं आपली जुनी व्हिडिओ गेम टीव्हीला जोडून दिली आणि पोरांच्या खेळाला नावं ठेवणारे आबा तिच्यासमोर मांडी घालून बसले. हातात धरायच्या कंट्रोलरवर वार करायचं बटण उजव्या तर्जनीखाली येतं, एवढ्यासाठीच तर हा खटाटोप.

"ओपन वर्ल्ड आहे आबा. म्हणजे मोकळं रान. कुठंही जा, काहीही उचला."

हे आबांना पटलं. जन्मभर त्यांनी दुसरं केलं काय?

गेममधल्या तलवारी मात्र तुटायच्या. आठ-दहा वार केले की तुकडे. आबांची पहिली तलवार तुटली तेव्हा ते डोळे मिटून बसले. दुसरी सापडली तशी त्यांनी ती पिशवीत घातली आणि राक्षस समोर आला की पळायला लागले.

"आबा, मारा ना!"

"मोडी जाई व माय. चांगली शे. ऱ्हाऊ दे."

महिन्याभरात आबांच्या पिशवीत अकरा तलवारी, चार भाले, एक सोनेरी मुठीची ढाल. रानातली फळं वेचायची, डोंगर चढायचे, राक्षस दिसला की पाठ दाखवायची. तर्जनी जागची हलेना. फळं वेचायचं बटण पडलं अंगठ्याचं, आणि अंगठा आधीपासूनच धड होता.

मी भूमिकाला फोन लावला. ती म्हणाली, "मम्मी, यावर लोक वर्षानुवर्षं भांडतायत. हत्यार तुटावं, म्हणजे माणूस सारखं नवं हत्यार वापरून बघेल, असं बनवणाऱ्यांना वाटतं."

"तुझे आबा वापरत नाहीत. साठवतात."

"सगळेच साठवतात. चांगली तलवार शेवटच्या राक्षसासाठी ठेवतात. तो मरतो, तरी ती पिशवीतच."

माझ्या कपाटात लग्नात आलेले काचेचे सहा कप आहेत. ते बाहेर निघावेत असा पाहुणा अजून जन्माला यायचाय.

भूमिकानं दुसरी गेम पाठवली. हिच्यात एकच तलवार, कधीच न तुटणारी. पुढं जाल तसा तिचा जोर आपोआप वाढतो. दोन दिवस आबांनी दिसेल त्याला झोडपलं. तर्जनी थोडी वळायला लागली, मी देवाला साखर ठेवली. तिसऱ्या दिवशी कंट्रोलर खाली.

"काय झालं आबा?"

"नही तुटस, नही पाजवनं पडस. मंग मना काय काम?"

भादवा अर्धा सरला होता. खंडेनवमीला आमच्याकडं विळे, कुऱ्हाडी, नांगराचा फाळ, सगळं धुऊन पाटावर मांडतात, हळदकुंकू वाहतात. त्याआधी चार दिवस आबा दगड घेऊन ओट्यावर बसायचे आणि प्रत्येक हत्यार स्वतः पाजवायचे, धार लावायचे. पन्नास वर्षं दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. यंदा कोण लावणार, हा विषय घरात कुणी काढत नव्हतं. आबाही नाही.

दोन्ही गेम मी डोक्यात शेजारी शेजारी मांडून पाहिल्या. एकीत हत्यार मरतं, दुसरीत त्याला मरणच नाही. बोथट कुठंच होत नाही. आबांचा सगळा संसार तर त्या बोथट होण्यावर चाललेला!

मी माळ्यावर चढले. तिथं तेलाच्या फडक्यात आबांचा खास विळा असतो. आमच्या लग्नाच्या वर्षी ट्रकच्या पाट्याच्या लोखंडातून घडवून घेतलेला. नवमीला खाली यायचा, कुंकू लावून परत वर. त्यानं आजवर गवताची काडी कापलेली नाही.

तो घेऊन मी शेतात गेले. बाजरीच्या दोन ओळी कापल्या आणि बांधाच्या दगडावर मुद्दाम दोन घाव घातले. घरी येऊन विळा आबांपुढं ठेवला.

त्यांनी धारेवरून डावा अंगठा फिरवला. दाते पडले होते.

"कोनी करं हाई?"

"मी."

"तुले धरता नही येस, अन् निंघनी कापाले!" घर दणाणलं. झटका आल्यापासून एवढा आवाज ऐकला नव्हता. माझे यजमान प्रेमराज चहा टाकून दारात आले. मी त्यांना डोळ्यांनीच परत पाठवलं.

"तुटला नाही आबा," मी म्हटलं, "बोथट झालाय फक्त. लोहाराकडं देऊ?"

"लोहारले?" आबांनी विळा डाव्या हातानं मांडीवर ओढला. "दगड आन. पानी बी आन."

पहिल्या दिवशी दगड उजव्या हातातून तीनदा सुटला. मी शेंगा फोडत बसले, उठले नाही. उठू नये म्हणून तर शेंगा घेतल्या होत्या. चौथ्या दिवशी तर्जनी दगडाभोवती वळली. पंधराव्या दिवशी बाकीचे विळे मागवले. धार वाकडीतिकडी लागली होती, पण लागली होती.

नवमीला भूमिका आली. पाट मांडला. तिनं सवयीनं टीव्ही लावला तर आबा ओरडले, "आज हत्यारले हात नही लावतस!" मग कंट्रोलरकडं बोट केलं. उजव्या हाताचं. "हाई बी हत्यारच शे. मांड पाटवर."

विळ्याशेजारी कंट्रोलर बसला. कुंकवाचं बोट लावताना बटणांत जाऊ नये म्हणून भूमिका श्वास रोखून बसली होती.

दसऱ्याला सोनं देऊन झालं आणि आबांनी पहिली गेम लावली, ती तुटणाऱ्या तलवारींची. पिशवीतली सगळ्यात देखणी तलवार काढली आणि कोंबडीएवढ्या एका राक्षसावर धावून गेले. तो पहिल्याच घावात मेला. मग आबांनी तीच तलवार शेजारच्या खडकावर घातली, दणादण, तिचे तुकडे होईपर्यंत.

"तुटी गई!" ते केवढे खुश. "भूमिका, दुसरी काढ. अजून दहा शेतस."

विळा आता दाराआडच्या खुंटीवर असतो. कपांचं मात्र अजून माझ्याच्यानं झालेलं नाही.