मंदाकिनीचा ताप आणि तांबूचा ताप

घर म्हणालं

सूनबाईचा ताप तर उतरला, मग आता तिला झालंय तरी काय?

कल्याणला खाडीच्या अंगाला राहणाऱ्या त्र्यंबकरावांच्या घरात सध्या दुसरा विषय नव्हता. त्र्यंबकराव मुन्सफ कोर्टात कारकून. त्यांची सून मंदाकिनी भाद्रपदात हिवतापाने अंथरुणाला खिळली. डॉक्टरांनी कोयनेलचं कडू औषध दिलं. ताप गेला, अंग गार झालं, जीभही स्वच्छ झाली. पण मंदाकिनी काही परत आली नाही. म्हणजे माणूस घरातच होतं, माजघराच्या कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून. जिचं हसणं ऐकून पोथी वाचणाऱ्या सासऱ्यांना मुद्दाम खाकरावं लागे, ती आता हाकेला ओ देत नव्हती. पानातला भात तसाच राही. तान्ह्या लेकीला, शालूला मांडीवर दिलं तर घेई, पण तिच्याकडे बघत नसे.

शेजार म्हणाला

कुणी म्हणालं, आळस. कुणी म्हणालं, माहेरचे लाड. शेवटी सगळ्यांचं एकमत झालं की ती तिन्हीसांजेला खाडीवर गेली असणार आणि तिथून काहीतरी अंगावर घेऊन आली असणार. पलीकडच्या गावचा देवऋषी मिरच्यांची धुरी देई, वेताने झोडपे, आणि मग बाधा बोलू लागे. मागच्या वर्षी एक बाई अशीच बोलू लागली होती. पुढे तिचं काय झालं, ते कुणी सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही.

त्र्यंबकराव म्हणाले, बोलवा त्याला. सुनेवर जीव होता, म्हणूनच म्हणाले. मुलगा परशुराम, मंदाकिनीचा नवरा, ठाण्याच्या शाळेत मास्तर होता. वर्गात त्याचा दरारा, वडिलांपुढे मात्र जमिनीकडे नजर. अमावास्येच्या संध्याकाळी देवऋषी येणार, असं ठरलं. मंदाकिनीने ते ऐकलं. तिने नुसता पदर अंगाभोवती घट्ट ओढून घेतला.

तांबू काही म्हणाली नाही

अमावास्येच्या सकाळी गोठ्यातली तांबू उठलीच नाही. त्र्यंबकरावांची ही लाडकी गाय. कान पडलेले, नाकपुडी कोरडी, रवंथ बंद. वासरू ढुशा देत होतं, तर तिने मान दुसरीकडे फिरवली.

"सळई तापवून आणू का, भाऊ?" धाकू गुराखी म्हणाला. "पाठीला दोन डाग दिले का उडी मारून उठंल."

त्र्यंबकराव असे तापले की गोठ्यातल्या कोंबड्या बाहेर पळाल्या.

"डाग? अरे, तापाने फणफणलीय ती! मुद्दाम बसलीय का? आत तिचं अंग तापाशी झुंजतंय. म्हणून डोकं तिला सांगतंय, हलू नकोस, खाऊ नकोस, कुणाकडे बघू नकोस, सगळं बळ आत लाव. ताप उतरला तरी ती लगेच पहिल्यासारखी व्हायची नाही. तिला वेळ दे. आणि ती सळई माझ्यासमोर आणू नकोस."

आक्का म्हणाली

आक्का म्हणजे त्र्यंबकरावांची थोरली बहीण. लहानपणी विधवा होऊन माहेरी आली आणि आईवेगळ्या भावाला तिनेच वाढवलं. तांबूसाठी नाचणीची आंबील घेऊन ती दारात उभी होती.

"छान बोललास, त्र्यंबका. आता यातलं तांबूचं नाव काढ, आणि मंदाकिनीचं घालून पुन्हा बोल."

"आक्का, जनावराची गोष्ट वेगळी. माणसाला मन असतं."

"असतं ना. ते कुठे ठेवलेलं असतं? खुंटीला? या अंगातच असतं. अंग थकलं की तेही थकतं." तिने आंबील खाली ठेवली. "तुला विषमज्वर झाला होता, आठवतं? बरा झालास, आणि मग कितीतरी दिवस भोवऱ्याला हात लावला नाहीस, माझ्याशी बोलला नाहीस. मी तुला धुरी दिली का?"

"नाही."

"मग काय केलं?"

त्र्यंबकरावांनी तांबूच्या पाठीवरून हात फिरवला. "शेजारी बसून राहिलीस," ते म्हणाले.

"आणि भेदरलेल्या माणसाचं अंगही लवकर भरून येत नाही, हे लक्षात ठेव. पोरगी झुंज जिंकत आलीय. आज संध्याकाळी तू तिला हरवणार आहेस. धाकूची सळई तुला लगेच दिसली. तुझ्या हातातली?"

अरेरे, काय करून बसणार होतो आपण! असं पुटपुटत त्र्यंबकराव तांबूला आंबील भरवू लागले.

संध्याकाळी देवऋषी आला. त्र्यंबकरावांनी त्याला ओटीवरच गूळपाणी दिलं आणि म्हणाले, "घरात माणूस बरं होतंय. इथे धूर चालणार नाही." कुंपणावरून डोकावणारा शेजार हिरमुसून आत गेला.

मंदाकिनी म्हणाली

त्यानंतर तिला कुणी काही विचारलं नाही. आक्का तिच्याजवळ बसून वाती वळी. परशुराम ठाण्याहून आला की शेजारी टेकून शाळेतल्या गमती सांगे, कुणा मुलाने नकाशात कोकण समुद्रात कसं बुडवलं ते सांगे, आणि उत्तराची वाट बघत नसे. त्र्यंबकराव पोथी वाचत आणि सवयीने उगाच खाकरत.

तांबू आधी उठली. मग एका सकाळी गोठ्याच्या दारात कुणीतरी येऊन उभं राहिलं. कडेवर शालू होती.

"मामंजी, तांबूला आंबोण घातलं का?"

त्र्यंबकरावांनी घमेलं तिच्याकडे सरकवलं. तिने एका हाताने कोंडा-पेंडीचं आंबोण कालवलं, आणि मग तांबूकडेच बघत हळू आवाजात म्हणाली,

"मला सगळं ऐकू येत होतं. नुसतं उठता येत नव्हतं."

आता आपण

वाचकहो, ताप अंगातून उतरला म्हणजे मनातूनही उतरला, असं समजू नका. अंग आणि मन एकाच घरात राहतात. एक आजारी पडलं की दुसरं त्याच्यासाठी जागतं, आणि मग तेही दमतं. त्या दमण्याला आळस म्हणणं हा अन्याय आहे, आणि बाधा म्हणणं हे क्रौर्य. गोठ्यातल्या जनावराला आपण जेवढी माया देतो, तेवढी तरी माजघरातल्या माणसाला द्यायला नको का?

तुमच्या घरात कुणी भिंतीकडे तोंड करून बसलं असेल, तर त्याला टोमणा नको, धूर नको. शेजारी बसा. वाती वळा.