दगडाच्या तळाची खूण

“आधी बोट, मग डोळा. डोळ्याला कुणीही फसवतं पोरी. बोटाला फसवणारा अजून जन्मायचाय.”

वडिलांना जाऊन बारा वर्षं झाली होती, तरी घडवलेला दगड समोर आला की डोरेटेच्या कानात हेच शब्द यायचे. कोनराड पाथरवटाची ती एकुलती एक मुलगी. म्हातारपणी त्यांचे हात थरथरायला लागले, तेव्हा दगड ते घडवायचे आणि अक्षरं ती कोरायची. गावाला हे कधी कळलं नाही आणि तिनेही कधी सांगितलं नाही.

जर्मनीतला, १९३६ सालच्या जूनमधला रविवार होता. प्रार्थना आटोपल्यावर बायका घरी बटाटे उकडायला न जाता सरळ जुनिपरच्या झुडपांच्या टेकडीवर गेल्या, त्यांच्यामागे पुरुष, पुरुषांमागे कुत्री. सगळं वेंडेल्सरोडे गाव तिथे लोटलं होतं. मधोमध डॉक्टर आरबोगास्ट अनवाणी उभे होते. डॉक्टर कशाचे, हे कुणी विचारलं नव्हतं. काळ्या मोटारीतून आले होते आणि गावप्रमुख लुडोल्फ त्यांच्यासाठी दार उघडायला धावला होता, एवढं गावाला पुरलं.

डॉक्टरांनी डोळे मिटले आणि भुंग्यासारखा आवाज काढायला सुरुवात केली. आपल्या रक्तात पूर्वजांची आठवण साठलेली आहे, डोळे मिटले की ती वर येते, असं त्यांचं म्हणणं. आवाज काढत काढत ते उतारावरून चालू लागले, एका जागी थबकले, थरथरले आणि गुडघ्यांवर बसले.

“तीन हजार वर्षं,” ते पुटपुटले. “माझ्या पणजोबांचे पणजोबा इथे उभे आहेत. त्यांची दाढी ओली आहे.”

दाढी ओली म्हटल्यावर बायकांच्या अंगावर काटा आला. बेकरीवाली मिन्ना डोरेटेच्या कानाशी लागली. “एवढा बारकावा खोटं बोलणाऱ्याला सुचेल का गं?”

“त्यालाच सुचतो,” डोरेटे हळूच म्हणाली.

दोन माणसांनी खणायला घेतलं. हातभर खोल गेल्यावर फावडं खणकन वाजलं आणि कमरेएवढ्या उंचीचा एक सपाट दगड वर आला. अंगावर शेवाळ, कडेला करडी दगडफुलं आणि मधोमध कोरलेल्या अकरा खुणा, सगळ्या सरळ रेघांच्या. रून. जर्मन टोळ्यांची जुनी अक्षरं. हल्ली ती तरुण पोरांच्या काळ्या गणवेशांवर, पताकांवर, बिस्किटांच्या डब्यांवरसुद्धा दिसायची.

डॉक्टरांनी मग सगळ्यांना रूनच्या आकारात उभं केलं. हात तिरपे वर करा, आकाशातली शक्ती आत ओढा, म्हणाले. अख्खं गाव गवत उचलायच्या काट्यांसारखं हात वर करून गुणगुणत राहिलं. हार्मआजोबांचा डावा खांदा संधिवाताने धरलेला, त्यांचा एकच हात वर गेला. तेव्हा डॉक्टर म्हणाले की तीही एक रूनच आहे.

इथवर हसण्यावारी नेता आलं असतं. पण मग डॉक्टरांनी उताराच्या खालच्या बाजूला बोट केलं. तिथे दगडी कुंपणाच्या आत, लिंडेनच्या झाडांखाली गावातल्या यहुद्यांची दफनभूमी होती.

ही पूर्वजांची सभेची जागा आहे, ते म्हणाले. दगडच तसं सांगतो. खाली परके पुरलेले आहेत, तोवर देव परत यायचे नाहीत. येत्या रविवारी, वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवशी, जिल्हाप्रमुख स्वतः येऊन दगड उभा करतील आणि सोमवारी खाली कुदळी लागतील. लुडोल्फने मान डोलवली. मान जरा जास्तच लवकर डोलली, असं डोरेटेला वाटलं.

त्या कुंपणाच्या आत येटे प्लाउट निजलेली होती. तिच्या मुलीचं, सेल्माचं, चौकात सुया-दोरे-बटणांचं दुकान. गिऱ्हाईक यायचं थांबलं, मग काच फुटली, मग गेल्या शरदात सेल्मा दोन पेट्या घेऊन हॉलंडला उट्रेख्टला निघून गेली. जाताना ती एवढंच म्हणाली होती, “डोरेटे, आईला एकटं पाडू नकोस. तिच्या तिथीला एक खडा ठेवशील ना?” त्यांच्यात फुलं नेत नाहीत, थडग्यावर खडा ठेवतात. आणि चर्चच्या दफनभूमीसारखी त्यांच्यात तीस वर्षांनी जागा मोकळी करून दुसऱ्याला द्यायचीही रीत नाही; एकदा निजलेला कायमचा निजलेला. डोरेटेने शब्द दिला होता. त्यांचं पंचांग वेगळं, तारीख दरवर्षी बदलते, म्हणून सेल्माचं कार्ड आलं होतं. यंदा मंगळवार. म्हणजे कुदळी लागणार त्याच्या दुसऱ्या दिवशी.

गर्दी पांगल्यावर ती दगडाजवळ गेली. लुडोल्फच्या पुतण्याने हटकलं, पण कोनराड पाथरवटाची मुलगी दगड बघणार नाही तर कोण, असं कुणीतरी म्हणालं आणि त्याने वाट सोडली. डोरेटेने शेवाळावर बोट टेकवलं. ते सायीसारखं निघून आलं. बोट नाकाशी नेलं, आणि तिच्या मनात पाल चुकचुकली. ताकाचा आंबूस वास येत होता.

हा वास तिच्या ओळखीचा होता. चर्चच्या भिंतीत नवा दगड बसवला की जुन्यांत तो उठून दिसू नये म्हणून वडील त्यावर ताक आणि शेण कालवून फासायचे. दोन महिन्यांत दगड शंभर वर्षांचा दिसायचा. तिने रूनच्या कडेवरून बोट फिरवलं. तीन हजार वर्षांच्या पावसाने कड मऊ पडायला हवी. ही बोटाला कापत होती. आणि दगड वालुकाश्म, पिवळसर करडा. या टेकडीत असला दगड नाही. वडील तो दोन दिवसांच्या वाटेवरच्या खाणीतून बैलगाडीने आणायचे.

दुसऱ्याच दिवशी, सोमवारी, ती दफनभूमीशी गेली. फाटकाला कुलूप होतं, किल्ली गावप्रमुखाच्या कचेरीत. तिने कुंपणावरून पाहिलं. तिसऱ्या रांगेत, दात पडावा तशी एक फट होती. वर कुणीतरी आयव्हीची वेल नीट पसरून ठेवली होती.

ती जागा येटेची.

आता सांगायचं कुणाला? फौजदार संध्याकाळी लुडोल्फच्याच टेबलावर बिअर प्यायचा. शेजारची बाई चांगली होती, पण तिचा मुलगा काळ्या गणवेशात होता. त्या दिवसांत लोक बोलण्याआधी खिडकी लावून घेत. डोरेटे पाद्रीबाबांकडे वेदीचं कापड द्यायला गेली, तर त्यांनीही आधी खिडकी लावली, मग कपाटातून एक जाड पुस्तक काढलं. जुनी अक्षरं चोवीस होती, ते म्हणाले, उत्तरेत पुढे त्यांची सोळा झाली. आरबोगास्ट सांगतात ती अठरा कधीच नव्हती. ती व्हिएन्नातल्या एका गृहस्थांनी तीस-पस्तीस वर्षांपूर्वी काढली. डोळ्यांवर शस्त्रक्रिया झाली होती, पट्टी बांधलेली असताना दिसली म्हणे.

“मग त्या जुन्या लोकांनी खरं काय लिहिलंय, बाबा?”

“कंगव्यावर मालकाचं नाव. दगडावर मेलेल्या मुलाचं नाव. आपण लिहितो तेच.”

डोरेटेचे दोन नेम होते. सकाळचं बायबलचं वचन वाचल्याशिवाय कॉफीचा घोट घ्यायचा नाही आणि दिवसभर खोटं बोलायचं नाही. दुसरा नेम त्या आठवड्यात फार जड गेला. शनिवारी ती लुडोल्फकडे गेली आणि म्हणाली की दगड मातीने भरलाय, साहेब येणार, धुऊन ठेवू का? लुडोल्फ खूश झाला. “धुवा, धुवा. मात्र अक्षरांना जपून, डोरेटेमावशी.”

“त्या अक्षरांना मी हातही लावणार नाही,” ती म्हणाली आणि शब्द पाळला. दगड दोन ओंडक्यांवर आडवा ठेवलेला होता; रूनची बाजू वर होती, ती तिने तशीच ठेवली. तिने धुतला तो फक्त दगडाचा तळ, जो एरवी मातीत गाडलेला राहतो. मग खालच्या बाजूला हात सरकवला. ती बाजू घासून काढली होती, पण घासणाऱ्याने घाई केली होती. बोटाला अक्षरांचे तळ लागले. एक वळण, एक आडवी रेघ, त्यापुढे आणखी एक. चौदा वर्षांपूर्वी तिच्याच हाताने कोरलेलं नाव. डोळे मिटूनच तिने ते वाचलं. त्यासाठी पूर्वजांची आठवण लागली नाही.

रविवारी संध्याकाळी ऊन कलल्यावर जिल्हाप्रमुख आले. बँड होता, होळी रचलेली होती. दोरखंड आणि पहारी लावून दगड उचलला तसा त्याचा स्वच्छ तळ वर आला, आणि त्यावरची खूण सगळ्यांना दिसली. एक उभी रेघ, उजवीकडे दोन तिरप्या, पायाशी एक आडवी.

डॉक्टरांना ती खूण माहीतच नव्हती. क्षणभर ते गोंधळले. मग त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी डोळे मिटले, भुंगा सुरू केला. ही एकोणिसावी रून, ते म्हणाले, हरवलेली. महापित्याची स्वतःची सही. माणसाच्या डोळ्याला दिसू नये म्हणून पूर्वजांनी ती तळाला दडवली.

डोरेटे पुढे झाली. तिचा आवाज नेहमीसारखाच खाली होता, म्हणून लोक गप्प झाले. “डॉक्टरसाहेब, नक्की देवाचीच ना? दुसऱ्या कुणाची नाही?”

“बाई, तीन हजार वर्षांत ही खूण दुसऱ्या कुठल्याही हाताने काढलेली नाही. माझ्या रक्ताची शपथ.”

“बरं,” डोरेटे म्हणाली आणि मागे सरकली.

मग गर्दीतून हार्मआजोबा खाकरले. त्यांना कमी ऐकू यायचं, त्यामुळे ते मोठ्याने बोलायचे. “अरे, ही तर माझ्या डुकरांच्या डोणीखाली आहे.”

कुणीतरी खुदकन हसलं. “हसता काय?” आजोबा म्हणाले. “हिवाळ्यात बर्फाने डोण तडकली, उलटी केली, तेव्हा पाहिली. कोनराडने घडवलेली डोण. हीच खूण.”

“आमच्या भट्टीच्या फरशीखालीही आहे,” मिन्ना म्हणाली आणि म्हणून झाल्यावर तिने तोंडावर हात ठेवला. शाळेच्या पायऱ्या बदलल्या तेव्हा पाहिल्याचं सुतार म्हणाला. कोनराड प्रत्येक दगडाच्या तळाला आपली खूण करायचे, हे आता एकेकाला आठवू लागलं. दर्शनी बाजूला का नाही, असं विचारलं की ते म्हणायचे, देवाला दिसतं तेवढं पुरे.

डॉक्टरांनी हात वर केला. “मग ती डोणही पवित्र आहे. तुमचा कोनराड नकळत पूर्वजांच्या—”

“म्हणजे माझी डुकरं रोज महापित्याच्या ताटात जेवतात,” हार्मआजोबा म्हणाले, “तरीच माजलीत.”

आता हसू आवरेना. बँडवाल्याने भोंगा तोंडाशी धरला आणि त्यातून भलताच आवाज आला. लुडोल्फच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

हसले नाहीत ते जिल्हाप्रमुख. ते अर्धवट उभ्या केलेल्या दगडाला वळसा घालून मागच्या बाजूला गेले. डोरेटे तिथे आधीच उभी होती. “साहेब, आधी बोट,” ती म्हणाली, “मग डोळा.”

त्यांनी हातमोजा काढला. बोट फिरवलं, थांबवलं, परत फिरवलं. मावळतीचं तिरपं ऊन दगडावरून सरकत होतं आणि त्या उन्हात, घासलेल्या दगडावर सावलीएवढी बारीक अक्षरं उमटली होती. वर हिब्रू ओळ, खाली जर्मन. येटे प्लाउट. ज्या दगडापुढे ते जिल्ह्याच्या वर्तमानपत्रासाठी फोटो काढून घेणार होते, तो काही महिन्यांपूर्वीपर्यंत एका यहुदी बाईच्या डोक्याशी उभा होता.

त्यांनी हातमोजा परत चढवला. झेंडा काढून दगडावर टाकायला सांगितलं. फोटोवाल्याला घरी पाठवलं. डॉक्टर आरबोगास्ट तोवर बूट हातात घेऊन मोटारीत जाऊन बसले होते. सभेची जागा, कुदळी, सोमवार यांतलं काहीच झालं नाही असं समजायचं, हे लुडोल्फला दबक्या आवाजात सांगण्यात आलं. हसं होण्याला ही माणसं फार भ्यायची.

“आणि हा दगड इथून हलवा. आजच.”

“कुठे नेऊ, साहेब?” लुडोल्फने विचारलं.

“कुठेही.”

“मी नेते,” डोरेटे म्हणाली. “जागा मला ठाऊक आहे. फाटकाची किल्ली तेवढी द्या.”

हार्मआजोबा आणि सुतार हातगाडी ढकलायला आले. उतारावर मिन्नानेही त्यांना गाठलं आणि चाचरत विचारलं, तू एवढी देवाधर्माची, तुला अदृश्य शक्तीची थट्टा करताना भीती नाही का वाटली?

डोरेटेने गाडी थांबवली. “माझा देव मला डोळे मिटायला सांगतो तो माझ्या खोलीत, माझ्या प्रार्थनेला,” ती म्हणाली. “चौकात उभा राहून जो डोळे मिटायला सांगतो, त्याचे हात काय करताहेत ते बघ. दगड बोलतो म्हणतात ना, मग तो कुठल्या खाणीतला, कुणी घडवला, काल कुठे होता, ते विचार. खऱ्याला विचारलेलं चालतं, मिन्ना. आणि चमत्कार झाला की कुणाचं तरी घर, नाहीतर कुणाचं थडगं जाणार असेल, तर दोनदा विचार.”

मिन्नाने गाडीला हात लावला.

सोमवारी कुदळी आल्या नाहीत. पुढच्या वर्षी काय होईल, हे कुणीच सांगू शकत नव्हतं. खिडक्या अजून लावूनच बोलायचे दिवस होते.

मंगळवारी पहाटे डोरेटेने वचन वाचलं, मग कॉफी प्यायली. वडिलांच्या खणातून पिवळा पडलेला कागद काढला. येटेच्या दगडाची अक्षरं त्यावर मापाने आखलेली होती. हिब्रू ओळ यहुदी शाळेच्या गुरुजींनी लिहून दिली होती. बारीक छिन्नी आणि हातोडा तिने एप्रनमध्ये गुंडाळला. अंगणातून एक गोल खडा उचलला, पुसला आणि खिशात टाकला. मग दार ओढून घेतलं आणि गाव जागं व्हायच्या आत टेकडीची वाट धरली.