नाकाचा कौल

इतरांच्या घरी सुट्टीत कुठे जायचं ते बायको ठरवते आणि नवऱ्याला वाटतं, आपणच ठरवलं. आमच्या घरी हे काम सूनबाईच्या नाकाकडे आहे.

सूनबाई वाइनच्या एका मोठ्या वखारीत चव घेणारी आहे. दिवसभर पांढऱ्या ओट्यापुढे उभं राहायचं, पेल्यात नाक घालायचं, घोट तोंडात घोळवून थुंकायचा आणि कुठल्या पिपातली वाइन कुठल्या पिपात मिसळायची ते सांगायचं. एवढं करून बाई सुट्टीतही द्राक्षाच्या मळ्यांतच जाणार. न्हाव्याने सुट्टी काढून दुसऱ्या न्हाव्याच्या दुकानात जाऊन बसावं, तसं. म्हणून दरवर्षी तीन मुलखांच्या तीन बाटल्या आणायच्या, तीन पेल्यांत ओतायच्या, सूनबाईचे डोळे बांधायचे. ती फक्त हुंगते. ज्या पेल्यावर मान हलवेल तो मुलूख. नऊ वर्षं हाच कौल चालत आलाय.

आणि नाक तरी कसलं! मी स्वतः जन्मभर पिंपं बांधली. एकदा एका पिपाच्या आत माझी पेन्सिल राहिली. तीन वर्षांनी त्यातली वाइन हुंगून ही म्हणाली, "बाबा, पेन्सिल काढा. आणि लिहायला जरा मऊ शिशाची घेत जा." यातली पेन्सिल खरी आहे. मऊ शिसं मी मागाहून घातलं.

यंदा मात्र कौल काही लागेना. पहिल्या रविवारी सूनबाईचं डोकं दुखत होतं. दुसऱ्या रविवारी पेल्यांना साबणाचा वास येत होता म्हणे. तिसऱ्या रविवारी तिने भरल्या घरात कपाटं आवरायला काढली. आमचे चिरंजीव बसगाड्यांची वेळापत्रकं लावायच्या कचेरीत आहेत, आणि घरीसुद्धा ते काम सोडत नाहीत. त्यांनी भिंतीवर तक्ता लावला होता. नदीकाठचा मुलूख, डोंगराचा मुलूख, तळ्याचा मुलूख. प्रत्येकापुढे अंतर, खोल्या, मुलींसाठी सोयी. कानामागे पेन्सिल लावून ते तक्त्यापुढून येरझारा घालत.

"अगं, शनिवारी चार वाजता राखलेल्या खोल्या दुसऱ्यांना देऊन टाकतात ते लोक. मग तंबू ठोकायचा का?"

"बघते म्हटलं ना."

"कधी बघतेस? नाक आहे की सरकारी खातं?"

सूनबाई उठली आणि आवरलेलं कपाट पुन्हा आवरायला लागली. दोन्ही नाती तेवढ्यात अंगातल्या कपड्यांवर पोहायचे कपडे चढवून आल्या. थोरलीला आम्ही वकील म्हणतो, वय वर्षं नऊ. धाकटी मुंगी, सहाची, वकिलाच्या मागे मागे फिरते.

"तळ्याच्या मुलखात घसरगुंडी आहे," वकील म्हणाली. "थेट पाण्यात. डोंगरावर काय आहे? डोंगर."

"आई दरवर्षी डोंगरच घेते," मुंगी म्हणाली.

हे जवळजवळ खरं होतं. नवांपैकी सहा वेळा डोंगर. तिथल्या वाइनच्या तळघरवाल्या म्हातारीने सूनबाईला तिच्या विशीत हा धंदा शिकवला होता. आम्ही पोचलो की म्हातारी पोरांना मागे सारून आधी हिच्या हातात पेला द्यायची.

घरात कोणाला ठाऊक नव्हतं ते मला ठाऊक होतं. सूनबाईचं नाक गेलं होतं. मला कळलं ते माझ्याच पापामुळे. मला चिरूट ओढायला बंदी आहे. मी गच्चीत जाऊन एक झुरका मारला तर ही तीन मजले खालून ओरडायची, "बाबा, विझवा!" पंधरा दिवसांपूर्वी मी गच्चीत चिरूट पेटवून बसलो असताना ही कपडे वाळत घालायला आली. मी चिरूट पाठीमागे लपवला. धूर माझ्या डोक्यामागून अशा वळशांनी निघत होता की आगबोट झालो होतो मी. ही माझ्याशेजारी उभी राहून शांतपणे चिमटे लावत होती.

मी धूर सरळ तिच्या तोंडावर सोडला. तिला खोकला आला तेव्हा तिने वळून पाहिलं, आणि मग तिच्या लक्षात आलं की माझ्या लक्षात आलंय.

"तापापासून," ती म्हणाली. "एक महिना झाला. कसला म्हणजे कसलाच वास येत नाही, बाबा. जळलेल्या दुधाचाही नाही."

"डॉक्टर?"

"महिन्याने येईल, वर्षाने येईल, नाहीही येणार. तीन वाक्यांचे पैसे घेतले."

"आणि वखारीत काय करतेस?"

"ओट्यावरच्या शेजारणीचं तोंड बघून लिहिते. तिने नाक मुरडलं की मी 'आंबट' लिहिते." ती हसली, पण हातातला चिमटा मोडला. "सुट्टीहून आल्यावर चाळीस पिंपं जुळवायचीत. एकटीने. एक चुकलं की सगळं वाया. आणि मग मला कोण ठेवेल? मला दुसरं येतं काय?"

माझ्याकडून तिने शब्द घेतला की कोणाला बोलायचं नाही. "ह्यांना तर नाहीच. हे उद्या माझ्या नाकाचा तक्ता लावतील."

तेव्हा कौल टळत होता तो यामुळे. हुंगणार कशाने? आणि डोंगर लागला तर म्हातारीच्या एका पेल्यात सगळं बाहेर पडणार. नदीकाठीही ओळखीचे मळेवाले पावलोपावली. तळ्याकडची वाइन अशी पांचट की धंद्यातलं कोणी तिकडे फिरकत नाही. म्हणजे सूनबाईला हवं होतं तळं, मुलींना हवं होतं तळं, आणि चिरंजीवांना एवढंच हवं होतं की तक्त्यात एका चौकोनात बरोबरची खूण व्हावी. तोंडाने "तळ्याला जाऊ" म्हटलं असतं तर दोन मिनिटांत काम झालं असतं. पण नऊ वर्षांत आमच्यात कोणी तोंडाने मुलूख निवडला नव्हता. कौल मोडला असता तर नवऱ्याने पहिला प्रश्न विचारला असता, "का?"

शुक्रवारी संध्याकाळी मी तिला गाठलं. "अगं, मी खोटं बोलण्यात हाडाचा कारागीर आहे. पेले मी ओतणार. डावीकडून नदी, डोंगर, तळं. डोळे बांधलेले असले तरी डावं-उजवं कळतं ना? नदीला बरं म्हण, डोंगराची जुनी आरती ओवाळ पण यंदा जड आहे म्हण, आणि तळ्यावर मान हलव."

"आणि पकडलं गेलं तर?"

"वासाला पुरावा नसतो."

शनिवारी तीन वाजता चिरंजीव घड्याळ काढून मेजाशी बसले. मी स्वयंपाकघरात तीन पेले ओतले, तबकात क्रमाने मांडले, आणि डोळ्यांचा रुमाल शोधायला आतल्या खोलीत गेलो. रुमाल सापडेना. तो माझ्याच खांद्यावर होता. या पाच मिनिटांत माझ्या दोन नातींनी काय केलं ते मला नंतर कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगतो. वकिलाने विचार केला: आई दरवर्षी डोंगर घेते. डोंगराच्या पेल्याला घाण वास आला तर घेणार नाही. पेल्यांमागे उभ्या असलेल्या बाटल्या बघून तिने मधला पेला मोरीत रिकामा केला, फळीवरची लाल व्हिनेगरची बाटली काढली आणि पेला भरला. मुंगीने फडक्याने मेज पुसलं. पुरावा नष्ट!

मी परत आलो तर वकील तबक धरून उभी. "आजोबा, तुमचा हात थरथरतो. मी नेते." किती गुणाची पोर, असं वाटून मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि आपल्यावर संशय नको म्हणून बाहेर जाऊन लांब खिडकीपाशी उभा राहिलो.

सूनबाई बसली. चिरंजीवांनी डोळे बांधले. तिचा पाय मेजाखाली शिवणयंत्रासारखा हलत होता.

पहिला पेला. तिने नाक घातलं, थांबली, जशी नेहमी थांबते. "नदी. बरी आहे. यंदा जरा उथळ."

चिरंजीवांनी तक्त्यावर लिहिलं, "उथळ."

दुसरा पेला तिने उचलला तोच चिरंजीवांच्या नाकपुड्या आक्रसल्या. ते हातभर मागे सरकले. वकिलाने मुंगीचा हात घट्ट धरला आणि आईच्या वाकड्या तोंडाची वाट बघू लागली. सूनबाईने पेला गोल फिरवला. नाक आत घातलं. एक लांब श्वास घेतला आणि चेहऱ्यावर असं समाधान आणलं की मीसुद्धा फसलो.

"अहाहा," ती म्हणाली. "हा डोंगर. डोळे फोडून ठेवलेत तरी ओळखेन. पिकलेली आलुबुखारं. उन्हात तापलेला दगड. मागून हलकेच लाकूड, म्हणजे पीप जुनं आहे. किती मऊ! पण यंदा थोडी जड..."

तोवर तो वास खिडकीपर्यंत पोचला. वासाला पुरावा नसतो म्हणालो होतो मी. इथे पुरावा भिंतीला धडकून परत येत होता.

"आई," मुंगी न राहवून म्हणाली, "ते तर सॅलडमधलं आहे."

सूनबाईच्या हातात पेला तसाच राहिला. चिरंजीवांनी हलक्या हाताने तिच्या डोळ्यांवरचा रुमाल सोडला. तिने पेल्याकडे पाहिलं, मग मुलींकडे, मग माझ्याकडे. मी छताकडे.

"किती दिवस?" चिरंजीवांनी विचारलं.

"पंचेचाळीस."

"पंचेचाळीस दिवस! आणि बाबांना माहीत होतं?"

"मी सांगितलं नाही. त्यांनी पकडलं."

"आणि मी? मी काय भिंतीवरचा तक्ता आहे?" त्यांनी घड्याळ मेजावर आपटलं. "रोज रात्री विचारत होतो, काय झालं, का झोपत नाहीस. रोज म्हणालीस, उकडतंय!"

"तुला सांगितलं असतं तर खरं झालं असतं," सूनबाई म्हणाली.

एवढ्यात मुंगीने भोकाड पसरलं. "आम्ही आईचं नाक मोडलं! व्हिनेगरने!" वकिलाने तिच्या तोंडावर हात ठेवला. "कबूल आहे," ती म्हणाली. "कल्पना माझी. मुंगी फक्त पुसत होती."

सूनबाईला हसू फुटलं. हसता हसता ती रडायला लागली, आणि रडता रडता दोघींना ओढून कवटाळलं. "नाही गं बायांनो, नाक आधीच मोडलं होतं. तुम्ही फक्त मला पकडलंत. बापाला पंचेचाळीस दिवसांत जमलं नाही ते."

"वा!" चिरंजीव म्हणाले. पण बसले तिच्या शेजारी खुर्ची ओढून.

"बाबा," तिने मला विचारलं, "येईल का हो परत?"

नाक गेलेल्या आणि कानाने वाइन ओळखणाऱ्या एका माणसाची गोष्ट माझ्या जिभेवर तयार होती. मी तोंड उघडलं आणि मिटलं. "माहीत नाही, पोरी," मी म्हणालो. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात छोटं वाक्य असेल ते.

ती उठली. खोलीभर फिरली. खिडकी उघडली, लावली, पुन्हा उघडली. मग तक्त्यापुढे उभी राहिली.

"डोंगर घे," ती म्हणाली.

"डोंगर? जिथे सगळे तुझ्या हातात पेला देतात?"

"म्हणूनच. तळ्याला जाऊन आठ दिवस लपेन. नवव्या दिवशी काय? वखारीत चाळीस पिंपं उभीच आहेत. सोमवारी साहेबांना सांगते की ती दुसऱ्या कोणाकडून जुळवून घ्या. ठेवतील तर ठेवतील." शिवणयंत्रासारखा पाय आता थांबला होता. "म्हातारीने साठ वर्षं या धंद्यात काढलीत. असं कधी कोणाचं झालं असेल तर तिला माहीत असेल."

"आणि घसरगुंडी?" वकील.

"तू गप्प बस. तुझा खटला अजून चालू आहे."

चिरंजीवांनी घड्याळ उचलून कानाला लावलं. चालू होतं. पावणेचार. त्यांनी खोली घेतली. एकच उरली होती, पाच जणांत एक, आणि ती घेताना त्यांनी तक्त्याकडे एकदाही पाहिलं नाही. सूनबाईने म्हातारीला फोन लावला आणि मेजाभोवती फिरत राहिली. तिच्यामागे मुंगी, मुंगीमागे वकील.

"येतोय आम्ही... हो, सगळे... नाही, चव घ्यायला नाही. ऐका ना. नाक गेलंय माझं." मग ती ऐकत राहिली. नुसती फेऱ्या मारत होती. "तापानंतर... हो... हो... तुमचंसुद्धा? कधी?... किती दिवस लागले?... अरे बापरे."

चिरंजीव खुणेने विचारत होते, काय म्हणते, काय म्हणते? सूनबाईने हात झटकला, त्यांच्या कानामागची पेन्सिल काढली आणि तक्ता उलटा करून त्याच्या पाठीवर लिहायला लागली. "सकाळ-संध्याकाळ. बरं. लवंग... लिंबाची साल... कॉफी... गुलाब... वास आला नाही तरी हुंगायचं? बरं. आठवण काढत हुंगायचं. बरं."

तिने फोनवर हात ठेवला. "मुंगे, लवंगा आण. पळ!"

मुंगी अख्खी बरणीच घेऊन आली. सूनबाईने दोन लवंगा तळहातावर चुरडल्या, हात नाकाशी नेला, डोळे मिटले. आम्ही चौघंही श्वास रोखून उभे.

"काही नाही," ती फोनमध्ये म्हणाली. पलीकडून म्हातारी काहीतरी ओरडली. सूनबाईने डोळे पुसले, लवंगेचा हात तसाच धरून ठेवला आणि दुसरा हात वकिलापुढे पसरला. "लिंबू दे."