हुबेहूब

आत्याशी बोलायचं तर हातभर लांब उभं राहावं लागे. ती स्वतःच सांगायची, "जरा सरका, रागावले नाहीये, गोष्ट सांगायचीय." मग तिचे दोन्ही हात हवेत सुटायचे. एकदा एका गिऱ्हाइकाचा चष्मा उडाला. त्यानं तो उचलला, पुसला, घातला आणि म्हणाला, "हं, मग पुढे?" अशी आत्या. तिच्या फ्रेमच्या दुकानात लोक फोटो घेऊन यायचे आणि काम झालं तरी रेंगाळत बसायचे.

मला तिनंच वाढवलं. बाबा ऐन तिशीत न्यूमोनियानं गेले. आई धाकट्याला घेऊन माझ्या मामाकडे, दुसऱ्या गावी राहायला गेली. माझी शाळा बुडू नये म्हणून मी आत्याकडे राहिले ती राहिलेच. काच कापायला, पट्टीचे कोन जुळवायला आणि गिऱ्हाइकाच्या तोंडावर खरं बोलायला तिनंच शिकवलं. हल्ली मी फार तिरसट झालेय असं लोक म्हणतात. लोकांना काय, बोलायला तोंड आहे.

गेल्या वर्षी ती घरच्या जिन्यावरून पडली आणि गेली. आयुष्यभर चढउतार केलेला जिना. पाय घसरला असेल, असं आम्ही ठरवून टाकलं. आजोबाही पडूनच गेले होते, भिंत रंगवताना शिडीवरून. तेही हात नाचवत बोलायचे म्हणे. आमच्यात हे कौतुकानं सांगतात, घराण्याची ऐटच आहे ती. काकांचे हात तेवढे गप्प. ते आजीवर गेलेत म्हणून त्यांना सगळे चिडवतात.

वर्ष होत आलं तेव्हा काका म्हणाले, तिचा मोठा फोटो करून भिंतीला लावू. पण फोटोसाठी आत्या कधी धड उभीच राहिली नव्हती. शेवटी शेजारच्या फोटोग्राफरनं माझ्या चुलतबहिणीच्या लग्नाचा जुना व्हिडिओ शोधला आणि एका दुपारी लॅपटॉप आणून आत्याच्या, आता माझ्या, दुकानाच्या काउंटरवर ठेवला. व्हिडिओचा आवाज गेला होता, चित्र तेवढं शाबूत होतं.

"चांगला चेहरा दिसला की थांबवू आणि तोच मोठा करू," तो म्हणाला.

आत्या मांडवात बसली होती, मांडीवर नवी पर्स घेऊन, कोणाला तरी काही रंगवून सांगत. मला हसू आलं. मग ते पाहुणे जेवायला उठले. आत्या एकटी राहिली, तोंड मिटलेलं, आणि हात मात्र चालूच. बोटं पर्सवर उघडत होती, मिटत होती. एक खांदा मधेच उचकायचा. डावा पाय जमिनीवरून उठायचा आणि परत टेकायचा. तिला ह्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ती शांतपणे नवरीकडे बघत होती.

आवाज असता तर मला हे कधीच दिसलं नसतं. तिच्या गोष्टींनी आम्हाला इतकी वर्षं गुंगवून ठेवलं होतं.

फोटोग्राफर चित्र पुढेमागे करत राहिला. जिथं थांबवावं तिथं हात पुसटच. "ह्या बाई काही स्थिर बसायच्या नाहीत," तो वैतागून म्हणाला.

मुलीच्या पदवीची फ्रेम न्यायला एक निवृत्त नर्स आली होती. तीही काउंटरपाशी उभी राहून बघत होती. तिनं विचारलं, "ह्या कशानं गेल्या?"

"जिन्यावरून पडून."

"आणि ह्यांचे आईवडील?"

"आजी म्हातारपणानं. आजोबा शिडीवरून पडून."

ती जवळ सरकली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "बाळ, असा एक आजार असतो. मेंदूचा. रक्तातून उतरतो. सगळ्याच मुलांत उतरतो असं नाही, पण ज्याच्यात उतरला त्याला सोडत नाही. चाळिशीच्या आगेमागे डोकं वर काढतो. हात आपोआप हलतात, तोल जातो, स्वभाव पालटतो. आणि ज्याला होतो त्याला आपण हलतोय हे कळत नाही. असं एक घर मी बघितलंय. मी डॉक्टर नाही, चुकतही असेन. पण घरात आणखी कोणाला अशी सवय असेल तर दाखवून घ्या."

मी तिला फटकारलंच. गेलेल्या माणसाला रोग चिकटवू नका, म्हटलं. ती रागावली नाही. मी फ्रेम पुढे केली तेव्हा तिनं पटकन खालून आधार देऊन ती दोन्ही हातांनी घेतली.

खोटं कशाला बोलू, मी आधी स्वतःचाच विचार केला. दोघं गेल्यावर दुकानाचं दार लोटलं, हात काउंटरवर दाबून ठेवले आणि बघत बसले. हात गप्प होते. शिवाय मी रोज काच कापते. ज्याचा हात हलतो त्यानं काच कापून दाखवावी. अलीकडे दोनचार काचा भलतीकडेच तडकल्या, पण तो मालाचा दोष. काचवाल्याशी त्यावरून माझं कडाक्याचं भांडणही झालंय. एकंदरीत मला हायसं वाटलं. घरी जाताना धाकटा आठवला आणि मी रस्त्यातच थांबले. माझ्यात नसेल, पण त्याच्यात असलं तर? आत्या गेल्यावर तो इकडेच राहायला आलाय, शाळेची बस चालवतो. आणि भावजयीला दिवस गेलेत.

वर्षाच्या दिवशी आम्ही काकांकडे जमलो. फोटो मी गळ्यापर्यंतच घेतला होता. तो लावायला मी खुर्चीवर चढणार, तर सगळे एकदम नको नको म्हणत धावले. काकांनी लावला. मग भावजय चहा घेऊन आली. ही मला नेहमी अर्धाच कप देते. माहेरचं वळण असेल, मी बोलत नाही.

आत्याच्या आठवणी निघाल्या. चष्म्याची गोष्ट झाली. तेवढ्यात काका धाकट्याला म्हणाले, "ऊठ रे नकल्या, आत्या करून दाखव."

तो नको म्हणत होता. भावजयीनं त्याच्याकडे पाहिलं आणि तो उठला. खुर्ची मधोमध ओढून बसला, तोंड उघडलं आणि त्याचे हात सुटले. सगळे हसून लोटपोट. काका डोळे पुसत म्हणाले, "हुबेहूब! अगदी समोर येऊन बसली."

मी हसले नाही. धाकटा आता बोलायचा थांबला होता, पण बोटं उघडत होती, मिटत होती. खांदा उचकत होता. आणि डावा पाय जमिनीवरून उठत होता. हात सगळ्यांनाच माहीत होते. पाय कोणाच्या लक्षातही आला नव्हता. मलाही तो परवापर्यंत माहीत नव्हता. मग ह्याला कुठून कळला? ही नक्कल नाही, हे त्याला होतंय, असं माझ्या मनानं घेतलं.

"बाळसुद्धा आत्यावरच जाणार बघा," काका म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या. भावजय तेवढी खाली बघत राहिली.

त्यानंतरच्या रविवारी मी बस लावतात त्या आवारात गेले. रविवारी धाकटा बस धुतो. भावजय डबा घेऊन आली होती आणि बसमध्ये पुढच्या सीटवर बसली होती. मी वर चढले, त्यालाही आत बोलावलं आणि सरळ विषयाला हात घातला.

"तुला हे कधीपासून होतंय?"

"काय?"

"हात. पाय. परवा तू करत नव्हतास, ते आपोआप होत होतं." मग मी सगळं सांगितलं. व्हिडिओ, नर्स, आजोबांची शिडी. बोलता बोलता आवाज चढला. "लोकांची पोरं असतात तुझ्या मागे. उद्या चावी परत करायची. डॉक्टरकडे मी नेते, पण आता एक दिवसही ही बस चालवायची नाही."

त्यानं मला बोलू दिलं. मग समोरच्या लहान मुलांच्या सीटवर अवघडून बसला आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. मी त्यांच्यावरून नजर हलवली नाही. बोटांवर साबणाचं पाणी सुकत होतं. ते हात काकांच्या हातांसारखे पडून राहिले.

"परवा मी नक्कलच करत होतो, ताई."

"तुला कुठून येणार आत्याची नक्कल? तू तिच्याजवळ राहिलास कधी?"

"नाहीच राहिलो. ती मला धड आठवतही नाही." त्यानं भावजयीकडे एकदा पाहिलं. "मी तुझी करत होतो."

मी म्हटलं, "काहीतरीच. मी कुठे हात हलवते?"

"आत्तासुद्धा," भावजय हळूच म्हणाली.

मी खाली पाहिलं. सीटच्या दांड्यावर एक हात होता. त्याची बोटं उघडत होती, मिटत होती. तो माझा हात आहे हे मला बघूनच कळलं. मी तो दुसऱ्या हातानं धरला, तर दोन्ही मिळून हलायला लागले.

"आम्हाला सांगायचं धैर्य होत नव्हतं," धाकटा म्हणाला. "वाटलं, सगळ्यांसमोर केलं तर तुझं तुलाच दिसेल. तर काका हुबेहूब आत्या म्हणाले. तेव्हा मला जास्त भीती वाटली." तो थांबला. "मेंदूच्या डॉक्टरची वेळ घेतलीय. उद्याची."

"कोणाची? तुझी का माझी?"

"आधी तुझी. तुझ्यात निघालं तर ते बाबांकडून आलं असणार. मग माझीही तपासणी करावी लागेल." भावजय पाठमोरी होऊन बसची काच पुसायला लागली. काच स्वच्छच होती.

मला आत्याची फार आठवण आली. तिला हे कोणीच सांगितलं नव्हतं. ती पडायला लागली होती, चिडायला लागली होती आणि आम्ही तिला आणखी एक गोष्ट सांग म्हणत होतो.

उतरताना धाकट्यानं खाली उभं राहून हात पुढे केला. एरवी मी तो झटकला असता. तो धरून मी पायरीवरच थांबले. बापाविना वाढलेल्या पोरीला आयुष्यात एकच कौतुक हवं होतं, कोणीतरी म्हणावं, ही अगदी आत्यासारखी. आता भावजयीच्या पोटाकडे बघत मी मनातल्या मनात गयावया करत होते, की उद्या कोणीतरी सांगावं, हिचं आत्यासारखं काही नाही.