आजान थोंगबायचा पिवळा फडका

सकाळी आठालाच प्रयोंगच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. त्याच्या जुन्या विजेच्या गाडीला मोगऱ्याचे हार, आत छताला पांढऱ्या गंधाचे ठिपके, आणि पुढ्यात गुरुमहाराज आजान थोंगबाय. हे महाराज परवापरवापर्यंत आमच्या लाम्पांग शहराच्या बाजारात टायर विकत होते. मी समोरच्या घरी शिडीवर चढून गाडीच्या चार्जरची पेटी भिंतीवर बसवत होते. वीस वर्षं वायरिंग करतेय, त्यामुळे चमत्कार मी बहुतेक वेळा शिडीवरूनच बघते.

"गाडीच्या पडद्यावर काय लिहिलंय? मोठ्यानं वाच!" आजान गरजला.

"चार्ज पूर्ण व्हायला चौदा तास," प्रयोंग म्हणाला.

"चौदा! अरे लेका, विजेच्या वाटेत भूत आडवं पडलंय!"

त्यानं पिन उपटली. वायरच्या मधोमध असलेला चार्जरचा ठोकळा मांडीवर घेऊन त्याला पिवळा मंतरलेला फडका गुंडाळला, वरून पांढरा दोरा. फडक्याखाली बोटं बराच वेळ चालली, ओठही चालले. पिन परत लावली. पडद्यावर आकडा आला, सात.

"साधु! साधु!" लोकांनी हात जोडले. नऊशे नव्व्याण्णव थाई भाट दक्षिणा झाली, कारण नऊ शुभ.

"फडक्याखाली काय दाबलंत हो?" मी वरून विचारलं.

"फडका सोडायचा नाही. आणि बाईचा हात लागला की शक्ती उतरते," आजान माझ्याकडे न बघताच म्हणाला.

लोक हसले. मी तेव्हाच खाली उतरायला हवं होतं. पण असल्यांशी भांडून भांडून मी कंटाळले होते, म्हणून स्क्रू पिळत राहिले. त्याची लाज मला अजून वाटते.

तिसऱ्या दिवशी दुपारी तिथून जाताना जळक्या प्लास्टिकचा वास आला. गाडी चार्जिंगला लावलेली होती.

"प्रयोंग, वास कसला रे हा?"

"आजान म्हणाले, भूत जळतंय. ताई, सात तासांत भरते गाडी! पेशंट घेऊन हॉस्पिटलच्या दोन खेपा जास्त होतात."

"तुझ्या फडक्याला मी हात लावत नाही, मग तर झालं?"

मेन बोर्डातल्या तारेला मी वीज मोजायचा क्लॅम्प मीटर लावला. सोळा अँपिअर! घरातली तार त्याच्या बापाच्या काळची, दोन दिवे आणि एक पंखा चालवायची.

तेवढ्यात फळ्यांच्या भिंतीपलीकडून त्याच्या आईचा आवाज आला. नुआन आजी दोन वर्षं लकव्यानं अंथरुणावर आहेत.

"प्रयोंग, आजानला पुन्हा बोलव रे. दोन दिवस भिंत कशी शेकल्यासारखी लागतेय. पाठ मोकळी झाली बघ."

प्रयोंगनं सॉकेटच्या वरच्या फळीला तळहात टेकवला आणि झटकन मागे घेतला. मी मेन स्विच पाडला. त्यानं सॉकेट ओढून काढलं. मागचं सागवान कोळशासारखं काळं झालं होतं.

"आईला उठताच आलं नसतं, ताई," तो म्हणाला.

मग त्यानंच दोरा सोडला. फडक्याखाली एक बटण निघालं आणि शेजारी अँपिअरचे चार आकडे, आठ, दहा, तेरा, सोळा. गाडी देणाऱ्यानं जुनी तार बघून चार्जर आठवर ठेवला होता. आजाननं बटण दाबून तो सोळावर नेला आणि आकडा दिसू नये म्हणून देवाचा फडका गुंडाळला. एवढाच काय तो मंत्र.

"पण गाडी सात तासांत भरत होती, ते तर खरं ना?" आवाज ऐकून आलेले शेजारचे बुनरुआम काका अडून बसले.

"खरंच की, काका. नळ मोठा सोडला की बादली लवकर भरते. फुटतो तो तुमच्या घरातला पाइप."

"मग मी काय करू?" प्रयोंगनं विचारलं.

"नवं सॉकेट बसवून देते, पण चार्जर आठवरच. चौदा तास लागतील. घाई असेल तर हायवेच्या पंपावर मोठा चार्जर आहे, तिथं जा. आणि घरीच लवकर हवं असेल, तर मेन बोर्डापासून वेगळी जाड तार ओढून भिंतीवरची पेटी. चौथा रस्ता नाही."

 गेलेल्या दोन खेपांचं दुःख प्रयोंगच्या तोंडावर दिसत होतं. काका मात्र चुळबुळत होते.

"गुरुवारी आजान माझ्या गाडीसाठी यायचेत. फडका नुसता शोभेला ठेवला तर?"

काय बोलणार! ठेवा म्हटलं, पण आकड्यावर नको.

हार घाला, गंध लावा, माझं काही म्हणणं नाही. पण कोणी एखादी गोष्ट झाकून ठेवायला सांगितली, तर ती आधी उघडून बघा. सॉकेट हाताला गरम लागलं तर हात जोडत बसू नका, मेन स्विच पाडा. भिंतीपलीकडे माणूस झोपलेलं असतं.