कोरून काढलेली चांदी

"दीपा, तो स्पिरिटचा दिवा एक दिवस घरी नेऊ का व?" शकुमावशीनं विचारलं.

दुपारचे दोन वाजले होते. नेरच्या बस स्टँडसमोरच्या आमच्या दातांच्या दवाखान्यातला शेवटचा पेशंट नुकताच गेला होता आणि मावशी खुर्चीखालची करडी धूळ झाडत होती.

"कायले?"

"नातवाले वाळे करतो. सायबानं देल्ली ना चांदी."

तिची मुलगी निकिता पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. सातवा महिना. आणि चांदी म्हणजे लोकांच्या दाढांतून कोरून काढलेले जुन्या भरणाचे तुकडे. २००५ च्या त्या हिवाळ्यात कापसाला भाव नव्हता, खेड्यांतले पेशंट येईनासे झाले, तेव्हा डॉक्टरांनी पाटी लावली: ‘जुनी काळी चांदी काढा, दाताच्या रंगाचं भरा.’ मास्तर, ग्रामसेवक, पगारदार मंडळी येऊ लागली. निघालेले तुकडे डॉक्टर मावशीला देत. वर हसत.

त्या तुकड्यांत निम्मा पारा असतो. मी इथं डॉक्टरांची मदतनीस असले तरी रसायनशास्त्रात बी.एस्सी. केलेली, मला हे माहीत होतं. पण "खरंच चांदी हाये का यात?" असं मावशीनं विचारलं होतं, तेव्हा मी तेवढंच सांगितलं, "हो, जवळपास तिसरा हिस्सा." परीक्षेत पूर्ण गुण मिळाले असते.

"मावशी, ते तापवायचं नाही. पारा वाफ होऊन उडतो, विष असतं ते. त्याला वास नाही, रंग नाही, कळतसुद्धा नाही."

"सोनारबी तेच म्हणे. हातच नाही लावला त्यानं. म्हणून काल म्याच पळीत घालून चुलीवर ठेवलं. पुरं वितळलं नाही, म्हणून तर दिवा मांगून राह्यली."

"निकिता कुठं होती?"

"चुलीपाशीच. भाकरी टाकून राह्यली होती."

"आणि दार?"

"थंडी होती, लावलंच होतं. माह्यावर काहून वरडतं? सायब रोज इथं कोरडंच कोरते, तू आरसा धरतं, मी धूळ झाडतो. तवा तुह्या तोंडाले कुलूप होतं?"

खरं होतं. पाण्याचा फवारा मारत, तोंडाशी धूळ-वाफ जोरात ओढून घेणारी नळी धरून, भरणाचे मोठे तुकडे करून ते काढायचे असतात. खिडकी उघडी हवी. तुकडे घट्ट झाकणाच्या बरणीत जायला हवेत. आमची नळी दिवाळीपासून बंद होती, आणि पाण्यानं नीट दिसत नाही म्हणून डॉक्टर फवाराही मारत नसत.

डॉक्टर आत जेवत होते.

"सर, निकिताला यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात न्यायचंय. काय तापवलं ते लिहून द्या."

"अगं, एवढ्याशानं काय होतं? दहा वर्षं कोरतोय, मेलो का मी?"

"तुम्ही गरोदर नाही, सर."

"जास्त शहाणपणा नको. लिहून दिलं की तिथले डॉक्टर विचारतील, आलं कुठून."

आणि त्यांनी पोळीचा घास मोडला. मी त्यांच्याच नावाचा छापील कागद ओढला, मावशीला वेळ विचारून घेतली आणि लिहिलं: काल संध्याकाळी सातला, बंद खोलीत, अंदाजे वीस मिनिटं, पाचेक ग्रॅम. तुकडे या दवाखान्यातून दिले. त्यात चांदी आहे हे मी सांगितलं, पारा आहे हे सांगितलं नाही. खाली सही केली आणि कागद त्यांच्या डब्याशेजारी ठेवला.

"आता तुम्ही सही करा."

"उद्यापासून येऊ नकोस."

"उद्या कशाला? आत्ताच चालले." त्यांच्या सहीविनाच मी कागद उचलला.

मावशीच्या घरी जाऊन दारं-खिडक्या उघडल्या, पळीला कुणी हात लावू नका म्हणून शेजारणीला बजावलं आणि मायलेकींना घेऊन साडेतीनची एस.टी. पकडली.

"ताई, बाळ तं हलून राह्यलं," निकिता म्हणाली. "मंग चांगलं हाये ना?"

"मला माहीत नाही, निकिता. तपासल्याशिवाय कोणीच सांगू शकत नाही."

"तो कागद वाच," मावशी म्हणाली. "समदा वाच."

मी वाचला. शेवटचं वाक्यही. मावशी उठली, निकिताला माझ्यापासून दूर खिडकीकडे सरकवलं आणि आम्हा दोघींच्या मधे येऊन बसली.