त्रेचाळिसावा कॉम्प्युटर

“त्याला हात नको लावूस गं बाय,” सोनाबाई म्हणाल्या आणि त्यांनी माऊसवर तळहात ठेवला.

कडावच्या डेअरीत सकाळचं दूध नुकतंच गेलं होतं. पडद्यावर सूचना होती : तुमची ऑपरेटिंग सिस्टिम जुनी झाली आहे, नवी आवृत्ती घ्या. आणि पडद्याच्या कडेला बाबांच्या अक्षरातली चिठ्ठी : ‘काहीही दाबण्याआधी मला विचारा.’ खाली त्यांचा नंबर.

बाबा, म्हणजे धर्माजी, शिळफाट्याला कॉम्प्युटर दुरुस्त करायचे. शेलूच्या एका बाईंनी खोट्या सूचनेवर बटण दाबलं आणि त्यांच्या मुलीच्या लग्नाचे सगळे फोटो गेले. तेव्हापासून बाबांनी आपल्या हाताखालून गेलेल्या प्रत्येक कॉम्प्युटरवर ही चिठ्ठी चिकटवली. लोकांनी ती पाळली. इतकी, की गेल्या वर्षी खरी सूचना आली तेव्हाही कुणी बोट हलवलं नाही. जुन्या आवृत्तीला आता संरक्षण मिळणार नव्हतं, आत चोर शिरला तर डेअऱ्यांच्या, दवाखान्यांच्या नोंदी एका दिवसात जाणार होत्या.

मी बाबांना म्हटलं, सगळ्यांना मेसेज पाठवा.

“खोटा मेसेजपण असाच येतो गं,” बाबा म्हणाले. “मी अडवलंय, तर मीच जायला पायजे.”

वहीत त्रेचाळीस नावं होती. बाबांच्या पायांवर सूज होती, डॉक्टरांनी फिरणं बंद करायला सांगितलं होतं. ते स्कूटरवरून गेले, स्कूटर झेपेना तेव्हा टमटमने. वाकसला मी सोबत होते. तिथला धाकलू पिठाच्या गिरणीतून हसत बाहेर आला.

“तूच बोललास दाबू नको, आता तूच बोलतोस दाब. उद्या काय बोलशील रं?”

“ते उद्या येऊन सांगीन,” बाबा म्हणाले, आणि पीठ झटकून खुर्चीत बसले. तास लागला. धाकलूने चहा पाजला. परतताना टमटममध्ये बाबांनी वहीत खूण केली आणि डोळे मिटून घेतले.

पुढे बाबा वारले, तेव्हा वहीत बेचाळीस खुणा झाल्या होत्या; कडावची तेवढी राहिली होती.

सोनाबाईंना हे कळलेलं नव्हतं, आणि मला सांगवत नव्हतं. मी धर्माजींची मुलगी उज्वला, त्यांनीच पाठवलंय, एवढंच म्हणाले.

“असंल. पण दादांनीच सांगितलंय, माझं नाव घेऊन कोणपण आला तरी आधी मला फोन लावायचा.” चष्मा लावून, चिठ्ठीवरचा एकेक आकडा बघत त्यांनी नंबर फिरवला.

फोन माझ्या पिशवीत वाजला. बाबांचा फोन मी बंद केला नव्हता. अजून लोक विचारायला करतात.

सोनाबाईंनी पिशवीकडे पाहिलं. मग माझ्याकडे, बराच वेळ. फोन वाजतच होता. त्यांनी तो कापला नाही, म्हणून मी उचलला.

आमच्यात दोन हातांचं अंतर होतं. त्यांनी खिडकीकडे तोंड फिरवलं, पदराचं टोक तोंडावर धरलं, फोन कानाशीच ठेवला. बाहेर कुणीतरी दुधाचे कॅन विसळत होतं.

“दादा,” त्या फोनमध्ये म्हणाल्या, “दाबू का?”

“दाबा,” मी म्हणाले.

पडद्यावर आकडे हळूहळू चढू लागले. दहा टक्के झाले, बारा झाले. फोन दोघींनीही ठेवला नाही.